जुन्या मोटरसायकलला हायड्रॉलिक क्लच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबलचा क्लच काढून हायड्रॉलिक बसवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, नंतर अडचणीचे आणि अपवादाचे. काम अर्धवट उघडं पडलं असेल आणि वेळ कमी असेल, तर हवा काढण्यासाठी प्रश्न १०, सेटिंगसाठी ११ आणि तापल्यावर क्लच स्लिप होत असेल तर १३ थेट वाचा.

१. हायड्रॉलिक कन्व्हर्जन केलं की गाडीत नेमकं काय बदलतं?

केबल आणि तिचा लिव्हर जातो. त्यांच्या जागी हँडलवर मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांना जोडणारा होज येतो. लिव्हर दाबला की मास्टरचा पिस्टन ऑइल ढकलतो, ऑइल स्लेव्हचा पिस्टन ढकलतं आणि तो पिस्टन पुशरॉड, म्हणजे क्लच उचलणारी सळई, ढकलतो. पुशरॉडच्या पुढचं सगळं, म्हणजे प्रेशर प्लेट, क्लच प्लेटा, स्प्रिंगा, बास्केट, होतं तसंच राहतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण किट बसवून नाराज होणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार त्या न बदललेल्या भागाबद्दलच असते.

२. लिव्हर खरंच हलका होतो का?

होतो, पण किती ते गाडीवर अवलंबून आहे. केबलचं घर्षण जातं, हा निखळ फायदा. केबल टाकीखालून वळणं घेत जात असेल, तिचं आतलं अस्तर झिजलं असेल किंवा तार सुकली असेल, तर हाताचा बराच जोर केबलमध्येच मुरतो. तो जोर वाचतो.

त्यापलीकडे जो हलकेपणा मिळतो तो फुकट मिळत नाही. मास्टर लहान आणि स्लेव्ह मोठा घेतला की लिव्हर हलका होतो, पण तेवढाच पुशरॉड कमी सरकतो. ही वजाबाकी कुठल्याही किटला चुकवता येत नाही. लिव्हर एका बोटाने दाबला जाईल आणि क्लचही पूर्ण सुटेल असं कुणी सांगत असेल, तर आधी पिस्टनची मापं विचारा. हिशेब प्रश्न ५ मध्ये आहे.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण माझ्या मते तोच मोठा आहे: प्लेटा झिजतात तशी सिस्टिम आपोआप जुळवून घेते आणि लिव्हरचा प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, सारखा राहतो. कारखान्यातून हायड्रॉलिक क्लच घेऊन येणाऱ्या होंडाच्या १९८२ च्या व्हीएफ७५०एस किंवा १९८४ च्या जीएल१२०० गोल्डविंगवर हे अनुभवता येतं.

३. माझा क्लच आत्ताच नीट सुटत नाही. किट बसवलं की बरा होईल का?

नाही. उलट कधी कधी वाढेल, कारण लिव्हर हलका करण्याच्या नादात लिफ्ट, म्हणजे प्रेशर प्लेटचं उचललं जाणं, कमी होते. आधी क्लच केबलवरच चांगला चालवून दाखवा, मग हायड्रॉलिकचा विचार करा.

प्रायमरी कव्हर, म्हणजे क्लचवरचं झाकण, उघडून या गोष्टी बघा. बास्केटच्या दातांवर प्लेटांच्या कडांनी खाचा पाडल्या आहेत का? नखाला जाणवणारी खाच असेल तर प्लेट तिथे अडकते आणि कितीही ढकललं तरी सरकत नाही. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून सपाट आहेत का पाहा. पुशरॉड बाहेर काढून काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर लगेच दिसतो. त्याची टोकं फुगून पसरली असतील किंवा निळी पडली असतील, तर त्याचं पाणी उतरलं आहे, तो बदला. मूळ रचनेत पुशरॉडच्या टोकाला किंवा मधे गोळी असेल तर ती जागेवर आहे ना, हे बघायला विसरू नका. फिरणारा रॉड आणि न फिरणारा पिस्टन यांच्यामध्ये तीच घासणं सोसते.

बऱ्याच सुट्या स्प्रिंगांचा क्लच असेल, जसा जुन्या ट्रायम्फ किंवा बीएसए ट्विनमध्ये असतो, तर लिव्हर दाबून धरा आणि किक हाताने हळू फिरवून प्रेशर प्लेट डोलते का पाहा. डोलत असेल तर जी बाजू कमी उचलते तिथल्या स्प्रिंगचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. प्लेट सरळ उचलायला लागली की अर्ध्या गाड्यांना न्यूट्रल आपोआप सापडायला लागतो, आणि मग काही जण किट घेतच नाहीत. त्यात काही वाईट नाही.

४. पुश स्लेव्ह आणि पुल स्लेव्ह यात फरक काय? माझ्या गाडीला कुठला?

पुश स्लेव्ह गिअरबॉक्सच्या कव्हरमध्ये बसतो आणि पुशरॉडला थेट ढकलतो. मूळचा आर्म (केबल ओढते तो दांडा), बॉल-रॅम्प किंवा तीन गोळ्यांची यंत्रणा निघून जाते. नॉर्टन कमांडोसारख्या गाडीत ही रचना छान बसते.

पुल स्लेव्ह केबलच्या जागी लागतो. तो आतली यंत्रणा तशीच ठेवून बाहेरचा आर्म ओढतो. ज्या गाडीचा क्लच आर्म गिअरबॉक्सच्या बाहेर आहे आणि कव्हरमध्ये स्लेव्हला जागा नाही, तिथे हाच मार्ग. मागुराचं हायमेक हे या प्रकारातलं ओळखीचं नाव.

पुश प्रकारात घासणारे सांधे कमी होतात, त्यामुळे हाताला तो जास्त स्वच्छ लागतो. पुल प्रकारात मूळ आर्मची झीज तशीच राहते. पण काढून परत केबल लावणं पुल प्रकारात फार सोपं असतं. पुल स्लेव्ह बसवताना एक गोष्ट सांभाळा: लिव्हर अर्धा दाबलेला असताना आर्म आणि ओढ यांच्यात काटकोन असावा. कोन बिघडला की शेवटच्या टप्प्यात लिव्हर जड होतो.

५. मास्टर सिलिंडर किती मिमीचा घेऊ?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो केल्याशिवाय खरेदी करू नका.

आधी पुशरॉड किती सरकायला हवा ते ठरवा. बऱ्याच मल्टिप्लेट क्लचना प्रेशर प्लेटची २ मिमीच्या आसपास लिफ्ट लागते. तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्या. आता समजा स्लेव्ह २८ मिमीचा आहे. त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ६१६ चौरस मिमी. २ मिमी सरकायला १२३२ घन मिमी, म्हणजे जवळपास सव्वा मिलिलिटर ऑइल लागणार. ते मास्टरने पुरवायचं आहे. ११ मिमीच्या मास्टरचं क्षेत्रफळ ९५ चौरस मिमी, त्याला १३ मिमी स्ट्रोक लागेल. १३ मिमीच्या मास्टरचं १३३, त्याला ९.३ मिमी. १४ मिमीच्या मास्टरचं १५४, त्याला ८ मिमी.

आता जोराचं गणित. प्रेशर प्लेट उचलायला पुशरॉडवर १०० किलोचा जोर लागतो आणि लिव्हरचं गुणोत्तर ५ आहे असं धरू. ११ मिमीच्या मास्टरवर हाताला साधारण ३.१ किलो लागतील, १३ मिमीवर ४.३ आणि १४ मिमीवर ५. हलकेपणा हवा म्हणून हात ११ मिमीकडे जातो. पण लिव्हर मास्टरच्या पिस्टनला ११ मिमीच सरकवू शकत असेल, तर तो क्लच कधीच पूर्ण सुटणार नाही.

मिळणाऱ्या स्ट्रोकमधून आणखी थोडं वजा करा. सुरुवातीचा एखादा मिलिमीटर मास्टरमधलं बारीक छिद्र (प्रश्न १३ बघा) बंद होण्यात जातो, थोडं होजच्या फुगण्यात. म्हणून हिशेबाने लागतो त्यापेक्षा दीड-दोन मिमी स्ट्रोक शिल्लक राहील असाच मास्टर निवडा.

उलट बाजूलाही मर्यादा आहे. फार मोठा मास्टर घेतला तर लिफ्ट गरजेपेक्षा जास्त होते. सुट्या स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना टेकतात, डायफ्राम स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त वाकते, आणि काही स्लेव्हचा पिस्टन सीलसकट बोअरच्या तोंडाशी येतो.

६. दुसऱ्या गाडीचा पुढच्या ब्रेकचा मास्टर वापरला तर चालेल का?

माप जुळलं तर तत्त्वतः चालतो, पण तीन गोष्टी तपासा. ब्रेकचा मास्टर उजव्या हँडलसाठी असतो. डावीकडे उलटा लावला तर ऑइलची डबी तिरकी होते आणि छिद्र उघडं पडून हवा शिरते. दुसरी, आत दाब रोखून धरणारा व्हॉल्व्ह नसावा. कारच्या ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये असा व्हॉल्व्ह असू शकतो. क्लचला तो लावला की लिव्हर सोडल्यावरही थोडा दाब राहतो आणि क्लच स्लिप होतो. तिसरी, हँडलची जाडी. बहुतेक मास्टर २२ मिमी म्हणजे ७/८ इंची हँडलचे असतात, तर काही जुन्या ब्रिटिश गाड्यांचं आणि हार्लेचं हँडल १ इंची, २५.४ मिमीचं असतं. क्लॅम्प घासून मोठा करू नका, तो तडकतो.

डबी लिव्हरच्या नेहमीच्या स्थितीत आडवी राहते ना, हे बसण्याच्या जागेवरून बघा. खाली वाकवलेल्या हँडलवर ती हमखास तिरकी येते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून झाकण टाकीला लागत नाही ना, तेही पाहा.

७. डॉट ४ टाकू की मिनरल ऑइल?

किट बनवणाऱ्याने जे सांगितलं आहे तेच. यात आवडीनिवडीला जागा नाही, कारण सील त्या ऑइलसाठी बनवलेलं असतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ब्रेक ऑइलचे प्रकार ग्लायकोलचे आहेत आणि त्यांना ईपीडीएम रबर चालतं. मिनरल ऑइलला नायट्राइल रबर लागतं. ईपीडीएमच्या सीलला मिनरल ऑइल लागलं की ते फुगून मऊ होतं आणि पिस्टन अडकतो. एकदा फुगलेलं सील धुऊन परत मूळ मापाचं होत नाही. मागुराचे अनेक क्लच मिनरल ऑइलवर चालतात आणि डबीच्या झाकणावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचा.

डॉट ५ हे नाव फसवं आहे. ते सिलिकॉनचं आहे, डॉट ५.१ चा भाऊ नव्हे. ते रंग खात नाही हे खरं, पण त्यात हवेचे बारीक बुडबुडे टिकून राहतात आणि लिव्हर मऊ लागतो. ग्लायकोलच्या ऑइलमध्ये ते मिसळायचं नाही.

डॉट ४ टाकीच्या रंगावर पडलं तर रंग उचलतं. काम सुरू करण्याआधी टाकी काढून ठेवा, नाहीतर जाड कापडाने झाका आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. थेंब पडला तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

८. बॅन्जो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) बसतो पण घट्ट होताना आटे खातोय असं वाटतं. काय चुकतंय?

आट्यांचं माप. होज आणि मास्टर वेगवेगळ्या घराण्यातले असले की हे होतं. जपानी मास्टरना बहुतेक एम१० × १.२५ आटे असतात, युरोपीय मास्टरना एम१० × १.०, आणि जुन्या ब्रिटिश किंवा अमेरिकन भागांत ३/८ इंची, २४ आट्यांचा यूएनएफ. यूएनएफचा व्यास ९.५ मिमी आणि दोन आट्यांतलं अंतर १.०६ मिमी. म्हणजे तो एम१० × १.० च्या भोकात आरामात जातो, पहिले फेरे हाताने फिरतात, आणि पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि त्याचबरोबर डगडगता कामा नये. शंका आली की थ्रेड गेज लावा.

बॅन्जोच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे, दर वेळी. टॉर्क किटच्या कागदावर असेल तो. ॲल्युमिनियमच्या मास्टरमध्ये लांब पाना वापरून अंदाजाने आवळू नका.

९. होज कुठून न्यायचा?

शक्यतो केबलच्याच वाटेने, पण हवेचा विचार करून. मास्टरपासून स्लेव्हपर्यंत होज सतत उतरता असावा. मधे उंचवटा आला तर हवा तिथे बसते आणि प्रश्न १० मधली सगळी कसरत करावी लागते. एक्झॉस्ट आणि सिलिंडरपासून लांब ठेवा. हँडल दोन्ही टोकांना वळवून, पुढचा शॉक पूर्ण ताणलेला असताना होजला ओढ बसत नाही ना ते बघा.

नॉर्टन कमांडोला इथे वेगळी काळजी लागते. १९६७ ते १९७७ पर्यंत बनलेल्या या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म मिळून आयसोलॅस्टिक रबरांवर लटकलेले असतात आणि फ्रेमच्या तुलनेत चांगलेच हलतात. होज फ्रेमला बांधला असेल तर शेवटच्या बांधणीपासून स्लेव्हपर्यंत मोकळं वळण ठेवा. नाहीतर बॅन्जोच्या मुळाशी होज रोज थोडा थोडा वाकतो आणि तिथेच फुटतो.

१०. तासभर ब्लीड करतोय (हवा काढतोय), लिव्हर कडक होतच नाही. काय करू?

बहुतेक वेळा दोष होजच्या लांबीचा आणि मास्टरच्या छोटेपणाचा असतो. आतून ३ मिमी आणि लांबीला १.२ मीटर अशा होजमध्ये साडेआठ मिलिलिटर ऑइल मावतं. १३ मिमीचा मास्टर १० मिमी दाबला तर एका वेळी १.३ मिलिलिटर सरकतं. म्हणजे वरच्या टोकाचा बुडबुडा स्लेव्हवरच्या निपलपर्यंत (हवा काढायच्या तोंडापर्यंत) पोचायला सहा-सात पूर्ण स्ट्रोक लागतात. आणि मधल्या काळात तुम्ही थांबलात की तो परत वर चढतो. म्हणून वरून खाली ढकलण्यापेक्षा खालून वर ढकलणं सोपं.

मोठी इंजेक्शनची सिरिंज आणि पारदर्शक नळी घ्या. डबीतलं ऑइल जवळजवळ सगळं काढून घ्या. सिरिंजमध्ये ताजं ऑइल भरा, नळीतली हवा आधी बाहेर काढा, नळी स्लेव्हच्या निपलला घट्ट बसवा, निपल अर्धा फेरा उघडा आणि हळू ढकला. डबीत तळातून बुडबुडे वर येताना दिसतील, आधी मोठे, मग मोहरीएवढे, मग फक्त ऑइल. निपल बंद करा, मगच सिरिंज सोडा. निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावलं तर तिथून हवा ओढली जात नाही. ग्रीस भोकात जाऊ देऊ नका.

यानंतरही थोडी हवा मास्टरच्या बॅन्जोपाशी अडकते, कारण तोच सर्वांत उंच भाग. हँडल असं वळवा की बॅन्जोपेक्षा डबी वर येईल. आता लिव्हर फक्त एक-दोन मिमी दाबायचा आणि सोडायचा, पूर्ण नाही. डबीत वाकून बघितलं तर तळाच्या बारीक छिद्रातून दर वेळी एखादा सुईच्या टोकाएवढा बुडबुडा सुटताना दिसतो. हे दहा मिनिटं शांतपणे करा. पूर्ण स्ट्रोक मारून जे होत नाही ते यात होतं.

एवढ्यावर थोडा मऊपणा उरला तर लिव्हर हँडलला बांधून रात्रभर ठेवा. दाबाखाली बुडबुडे लहान होतात आणि भिंतींना सोडून वर सरकतात. सकाळी लिव्हर सोडल्यावर पुन्हा बारीक दाब द्या. क्लचच्या स्प्रिंगांना याने काही होत नाही.

सगळं करूनही फरक पडला नाही, तर ब्लीड करणं थांबवा. लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू हँडलकडे बुडत जात असेल तर सील गळतंय. बुडत नसेल, फक्त लांब जाऊन मऊ लागत असेल तर हवा आहे. दाब ताठ लागतो पण क्लच सुटत नसेल तर हायड्रॉलिक ठीक आहे. प्रश्न ३ आणि ५ कडे जा.

११. पुशरॉड आणि लिव्हर यांचं सेटिंग कसं करायचं? केबलसारखा प्ले ठेवायचा का?

केबलचा प्ले विसरा. इथे दोन वेगळी अंतरं सांभाळायची असतात.

पहिलं, पुश स्लेव्हमध्ये पिस्टनला मागे सरकायला जागा. प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत जाते आणि पुशरॉडला स्लेव्हकडे ढकलते. पिस्टन आधीच बोअरच्या तळाला टेकलेला असेल तर तो मागे जाऊ शकत नाही आणि क्लच कायम थोडा उचललेला राहतो. म्हणून प्रेशर प्लेटच्या मधला ॲडजस्टिंग स्क्रू सैल करा, डबीचं झाकण उघडं ठेवून पुशरॉडने पिस्टन अगदी तळापर्यंत दाबा, मग स्क्रू पुशरॉडला अलगद टेकेपर्यंत आत घ्या. इथून तो सुमारे दोन फेरे बाहेर घ्या आणि लॉकनट आवळा. स्क्रूचा एक फेरा जवळपास १ मिमी असेल तर पिस्टनच्या मागे २ मिमी जागा मिळाली. लिव्हर दोन-चारदा दाबला की पिस्टन पुढे येऊन पुशरॉडला टेकतो आणि मागची जागा झिजेसाठी राहते. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून तो स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा. किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

दुसरं अंतर लिव्हरपाशी: लिव्हरचा दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिमी. लिव्हरच्या टोकाला हे काही मिमी मोकळं फिरल्यासारखं जाणवतं. हे अंतर शून्य करू नका. का, ते प्रश्न १३ मध्ये.

पुल स्लेव्हमध्ये आर्मचं मूळ ॲडजस्टमेंट केबलसारखंच करायचं. आर्मला थोडा मोकळेपणा ठेवा आणि स्लेव्हचा पिस्टन दोन्ही टोकांना टेकत नाही ना ते तपासा.

शेवटी लिफ्ट मोजा. प्रेशर प्लेटवर डायल गेज लावा, नाहीतर व्हर्नियरने बास्केटच्या कडेपासून अंतर लिव्हर सोडून आणि दाबून घ्या. तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. हे मोजमाप वहीत लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं की याच आकड्याशी तुलना करता येते.

१२. क्लच लिव्हरच्या अगदी शेवटी पकडतो. बाइट पॉइंट, म्हणजे क्लच पकडतो ती जागा, कुठे असावा?

हँडलच्या जवळ पकडत असेल तर हवा उरली आहे, लिव्हरपाशी अंतर जास्त आहे किंवा मास्टर लहान आहे. याच क्रमाने तपासा. लिव्हर सुटता सुटता, अगदी बाहेर पकडत असेल तर मास्टर मोठा असू शकतो. किंवा क्लच पूर्ण बसतच नाही, आणि तो धोकादायक प्रकार आहे. वरच्या गिअरमध्ये चढावर गॅस दिला आणि इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्रश्न १३ बघा.

लिव्हर हँडलपासून जवळ-दूर करणारी चकती बाइट पॉइंट हाताच्या सोयीला आणते, स्ट्रोक वाढवत नाही. आणि काही स्वस्त लिव्हरमध्ये तीच चकती फिरवली की दांडा पिस्टनवर दाबला जातो. चकती फिरवल्यावर प्रश्न ११ मधलं अर्धा मिमी अंतर पुन्हा तपासा.

१३. गार असताना सगळं ठीक, पंधरा-वीस किलोमीटरनंतर क्लच स्लिप व्हायला लागतो. प्लेटा गेल्या का?

शक्यता आहे, पण आधी मास्टर बघा. मास्टरच्या आत, सीलच्या जरा पुढे, एक फार बारीक छिद्र डबीकडे उघडतं. लिव्हर पूर्ण सुटला की ते उघडं राहतं. इंजिन तापलं, ऑइल फुगलं की वाढलेलं ऑइल त्याच छिद्रातून डबीत परत जातं. लिव्हरच्या दांड्याने पिस्टन किंचितही पुढे दाबलेला असेल तर सील छिद्रावर येऊन बसतं. ऑइलला जायला वाट उरत नाही, ते स्लेव्ह ढकलतं आणि क्लच स्वतःहून सुटायला लागतो. गाडी थंड झाली की दोष नाहीसा होतो, म्हणून तो सापडत नाही.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. स्लिप सुरू झाली की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, हातमोजे घालून, कापड धरून स्लेव्हचा निपल क्षणभर सैल करा आणि बंद करा. थोडं ऑइल जोरात बाहेर आलं आणि स्लिप गेली, तर दाब अडकला होता: लिव्हरचं अंतर, छिद्रातला गाळ किंवा फुगलेलं सील. काहीच आलं नाही आणि स्लिप तशीच राहिली, तर दोष प्लेटांत, स्प्रिंगांत किंवा प्लेटांवर आलेल्या तेलात.

शेवटचा मुद्दा कमांडोवाल्यांसाठी. त्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल पुशरॉडच्या भोकातून सरकत क्लचपर्यंत पोचतं, हा तिचा जुना स्वभाव आहे. हायड्रॉलिक बसवायला गिअरबॉक्स उघडलाच आहे तर पुशरॉडला सील लावून घ्या.

१४. डबीतलं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय! हे कसं?

बरोबर चाललं आहे. ब्रेकमध्ये पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि पातळी उतरते, क्लचमध्ये उलटं. प्लेटा झिजल्या की स्लेव्हचा पिस्टन मागे जातो आणि ऑइल डबीत परत येतं. २८ मिमीच्या स्लेव्हमध्ये पिस्टन १ मिमी मागे गेला तर ०.६ मिलिलिटर. म्हणूनच नव्या प्लेटांवर डबी काठोकाठ भरू नका, अर्ध्याच्या थोडी वर ठेवा. पातळी वाढण्याऐवजी उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे.

१५. लिव्हर मस्त हलका झाला, पण उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही. आधी सापडायचा.

लिफ्ट कमी पडते आहे. पूर्वी केबल तितकं उचलत होती, आता मास्टर उचलत नाही. प्रश्न ११ प्रमाणे मोजा. आकडा केबलच्या वेळेपेक्षा कमी निघाला तर हवा नाही याची खात्री करून एक माप मोठा मास्टर लावा. लिव्हर थोडा जड होईल. माझं मत विचाराल तर तो सौदा घ्यावा: अर्धवट सुटणारा क्लच प्लेटा जाळतो आणि गिअरचे दात खातो.

आकडा सारखाच असेल तर दोष हायड्रॉलिकचा नाही. थंड सकाळी प्लेटा तेलाने चिकटलेल्या असतात. इंजिन सुरू करण्याआधी लिव्हर दाबून दोन किका मारल्या की त्या सुटतात.

१६. गाडी महिनाभर उभी होती. पहिल्यांदा लिव्हर दाबला तर मऊ, मग ठीक. काळजी करू का?

एकदाच झालं तर नाही. दर वेळी होत असेल तर बॅन्जोपाशी हवा आहे किंवा स्लेव्हचं सील स्थिर असताना हवा घेतं. निपलच्या भोवती आणि वॉशरपाशी ओलावा शोधा. डॉट ४ हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. क्लचमध्ये तेवढी उष्णता क्वचित होते, पण पाण्याने बोअर गंजतो. दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी चालली असो वा नसो.

१७. स्लेव्हच्या खाली ओलं दिसतं. हे हायड्रॉलिकचं ऑइल की गिअरबॉक्सचं?

बोटाला लावून थोड्या पाण्यात बुडवा. डॉट ४ पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. मिनरल ऑइलही तरंगतं, त्यामुळे तुमचं किट मिनरलचं असेल तर रंग आणि वास यांवर जावं लागेल. डॉट ४ असेल तर स्लेव्हचं सील बदला आणि बोअरवर ओरखडा आहे का पाहा. ओरखडा असलेल्या बोअरमध्ये नवं सील टिकत नाही.

१८. माझ्या जुन्या जावाला हे बसेल का?

विचार करून. त्या काळच्या अनेक जावा आणि सीझेड गाड्यांत गिअर लिव्हर दाबला की क्लच यांत्रिकरीत्या आपोआप सुटतो, हाताचा लिव्हर ही दुसरी वाट आहे. पायाने क्लच उचलला गेला की स्लेव्हमधल्या स्प्रिंगने पिस्टन मागोमाग पुढे सरकू शकतो आणि डबीतून ऑइल ओढून घेतो. पाय सुटला की तेच ऑइल बारीक छिद्रातून परत जायला वेळ घेतं, आणि क्लच उशिरा, अर्धवट पकडतो. अशा गाडीत चांगली नवी केबल, नीट वळणांनी नेलेली, हाच माझा सल्ला.

१९. रस्त्यात होज फुटला तर घरी कसं यायचं?

पुल स्लेव्ह असेल तर जुनी केबल आणि लिव्हर सोबत ठेवा. आर्म तसाच असल्याने रस्त्याच्या कडेला बदलता येतं. पुश स्लेव्हला हा मार्ग नाही. तिथे क्लचशिवाय गिअर टाकता येतात: गॅस क्षणभर सोडून, दात मोकळे झाल्यावर हलक्या पायाने. खरी अडचण थांबण्याची. थांबण्याआधीच न्यूट्रल लावून ठेवा, आणि गर्दीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका, गाडी उचलून न्या. ऑइल टायरवर किंवा ब्रेकवर गेलं नाही ना, ते निघण्याआधी बघा.

२०. पुढे मूळ केबलवर परत जायचं झालं तर?

फ्रेम, कव्हर किंवा हँडल यांना भोक पाडावं लागणार नाही असंच किट घ्या. काढलेला आर्म, गोळ्या, रॅम्प, केबल, लिव्हर आणि लिव्हरचा क्लॅम्प तेल लावून एका डब्यात ठेवा, आणि डब्यावर गाडीचं नाव आणि काढल्याची तारीख लिहा. पुश स्लेव्हसाठी पुशरॉड बदलला किंवा कापला असेल तर मूळ लांबीचा रॉडही त्यातच ठेवा. केबलवर परत जाताना लोक बहुतेक त्या रॉडपाशीच अडतात, कारण छोटा रॉड तसाच राहतो आणि आर्म कितीही ॲडजस्ट केला तरी क्लच सुटत नाही.